केसपेपर कोणाचा?

जिल्हा रुग्णालयातली ओपीडी असो की गल्लीतला दवाखाना, तपासणीचे दृश्य बहुतेक ठिकाणी सारखेच असते. टेबलापलीकडे डॉक्टर, अलीकडे स्टुलावर पेशंट, त्याच्या पाठीशी दोघे-तिघे नातेवाईक आणि दारातून आत डोकावणारा पुढच्या नंबरचा माणूस. पाळी कधी आली होती, दारू किती घेता, आधी कधी गर्भपात झाला होता का, हे प्रश्न सगळ्यांच्या कानावर पडतात. उत्तरे मात्र पुष्कळदा खरी येत नाहीत. शेजारी सासू उभी असताना सून काही गोष्टी बोलूच शकत नाही आणि वडिलांसमोर मुलगा व्यसन कबूल करत नाही. डॉक्टरला मग अर्ध्या माहितीवर औषध लिहावे लागते. गोपनीयतेचा विचार इथूनच सुरू केला पाहिजे. रुग्ण खरे बोलला तर निदान नीट होते, आणि बोललेले इथेच राहील अशी खात्री असली तरच तो खरे बोलतो.

ही गोष्ट वैद्यांना फार पूर्वी उमगली होती. ग्रीक परंपरेतल्या हिप्पोक्रेटिसच्या शपथेत ती आहे, तशीच चरकसंहितेतही आहे. विमानस्थानाच्या आठव्या अध्यायात गुरू शिष्याला दीक्षा देताना जे नियम घालून देतो, त्यात रुग्णाच्या घरातल्या गोष्टी बाहेर नेऊ नयेत, असा एक नियम येतो. त्याच उपदेशात आणखी एक नियम आहे. रुग्णाचे आयुष्य थोडेच उरले आहे हे वैद्याला कळले, तरी ते सांगितल्याने रुग्णाला किंवा दुसऱ्या कोणाला अपाय होणार असेल तर वैद्याने ते सांगू नये. पहिला नियम जगापासून राखायला सांगतो, दुसरा वेळप्रसंगी रुग्णापासूनच. आपण पहिला नियम बराच सैल केला आणि दुसरा घट्ट धरून ठेवला. आजचे आपले बरेचसे पेच त्यातून आले आहेत.

आधुनिक भारतात या विषयाचा पाया म्हणजे भारतीय वैद्यक परिषदेचे 2002 चे आचारसंहिता विनियम. 2023 मध्ये नवे विनियम आले होते, पण काही आठवड्यांतच ते स्थगित झाले आणि जुनेच पुन्हा लागू झाले. व्यवसायामुळे कळलेले रुग्णाचे गुपित डॉक्टरने उघड करायचे नाही, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. अपवाद तीनच आहेत: न्यायाधीशाचा आदेश, विशिष्ट व्यक्तीला किंवा समाजाला असलेला गंभीर आणि ओळखता येणारा धोका, आणि सरकारला कळवणे बंधनकारक असलेले आजार. वाचायला हे सोपे वाटते. पण 'गंभीर धोका' कशाला म्हणायचे आणि तो कोणी ठरवायचा, यावर गेली पस्तीसएक वर्षे आपली न्यायालये आणि संसद झगडत आली आहेत.

गोवा, 1989

गोव्यात डॉमिनिक डिसूझा नावाचा तरुण नियमित रक्तदान करत असे. 1989 च्या फेब्रुवारीत पोलीस त्याला घेऊन गेले. दान केलेल्या रक्तात एचआयव्ही आढळला होता. त्या काळी गोव्याच्या सार्वजनिक आरोग्य कायद्यात अशा व्यक्तीला वेगळे ठेवण्याची तरतूद होती. तिच्या आधारे त्याला जुन्या क्षयरोग रुग्णालयाच्या इमारतीत 64 दिवस एकटे ठेवण्यात आले. त्याने गुन्हा केला नव्हता, आणि हा आजार शेजारी बसल्याने पसरत नाही हे तेव्हाही वैद्यकाला माहीत होते.

त्याची आई ल्युसी डिसूझा हिने मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठात दाद मागितली. न्यायालयाने मात्र व्यक्तीच्या हक्कापेक्षा सार्वजनिक हिताचे पारडे जड धरून वेगळे ठेवण्याचा सरकारचा अधिकार मान्य केला. डॉमिनिकने पुढे 'पॉझिटिव्ह पीपल' ही संस्था उभी केली, आणि 1992 मध्ये त्याचा मृत्यू झाला.

सार्वजनिक हिताच्या नावाने जे केले, त्याने सार्वजनिक हित साधले का, हा प्रश्न इथे विचारायलाच हवा. रक्त तपासले की नाव पोलिसांकडे जाते, हे एकदा गावभर झाल्यावर तपासणीला कोण येईल? जो येत नाही त्याला आपला आजार कळत नाही, आणि ज्याला कळत नाही त्याच्याकडून तो पसरत राहतो. एचआयव्हीच्या साथीने जगभरच्या आरोग्ययंत्रणांना हा धडा शिकवला. गुप्ततेची हमी दिली तर माणसे केंद्रापर्यंत येतात, औषध घेतात आणि संसर्ग कमी होतो. म्हणून रुग्णाची गोपनीयता एका बाजूला आणि समाजाचे आरोग्य दुसऱ्या बाजूला, अशी सरसकट मांडणी मला मान्य नाही. बहुतेक वेळा दोन्ही एकाच बाजूला असतात.

मुंबई उच्च न्यायालयानेच 1997 मध्ये वेगळी वाट धरली. एका सार्वजनिक महामंडळातल्या हंगामी कामगाराला एचआयव्ही असल्याचे कळल्यावर कामावरून दूर ठेवले गेले होते. न्यायालयाने त्याला 'एमएक्स' या टोपणनावाने खटला चालवू दिला. काम करण्याची क्षमता असेल आणि इतरांना धोका नसेल, तर केवळ संसर्ग आहे म्हणून रोजगार नाकारता येणार नाही, असा निर्णय दिला. न्याय मागायला आलेल्या माणसाला आधी आपले गुपित चव्हाट्यावर मांडावे लागू नये, ही त्यातली जाण मोलाची होती.

एक मोडलेले लग्न आणि दोन निकाल

या विषयावरचा सगळ्यात गाजलेला भारतीय खटला 'मिस्टर एक्स विरुद्ध हॉस्पिटल झेड' या नावाने ओळखला जातो. नागालँडच्या आरोग्यसेवेतला एक डॉक्टर शस्त्रक्रियेच्या रुग्णाबरोबर चेन्नईला गेला. तिथे रक्त देण्याची वेळ आली, तेव्हा त्याला एचआयव्ही असल्याचे निष्पन्न झाले. ही माहिती रुग्णालयाकडून बाहेर गेली, त्याचे ठरलेले लग्न मोडले आणि गावात राहणेही त्याला कठीण झाले. त्याने रुग्णालयाकडे भरपाई मागितली.

सर्वोच्च न्यायालयाने 1998 मध्ये त्याची मागणी फेटाळली. गोपनीयतेचा हक्क आहे पण तो अमर्याद नाही, आणि जिच्याशी लग्न ठरले आहे तिच्या जिवाचा हक्क त्याहून वरचढ आहे, असा त्या निकालाचा गाभा होता. इथपर्यंत बऱ्याच जणांना पटेल. पण न्यायालय पुढे गेले आणि अशा व्यक्तीचा लग्नाचा हक्कच आजार बरा होईपर्यंत स्थगित असल्याचे म्हणाले. 2002 मध्ये तीन न्यायमूर्तींच्या पीठाने लग्नाच्या हक्काविषयीची ती टिप्पणी अनावश्यक होती, असे स्पष्ट केले.

जिचे आयुष्य धोक्यात होते तिला माहिती मिळायला हवी होती, यात शंका नाही. पण ती कोणी, कोणाला आणि कोणत्या क्रमाने द्यायची? या प्रश्नाचे नीट उत्तर एचआयव्ही आणि एड्स (प्रतिबंध आणि नियंत्रण) अधिनियम, 2017 मध्ये मिळते. हा कायदा सप्टेंबर 2018 पासून लागू झाला. संमतीशिवाय कोणाचीही एचआयव्हीची स्थिती उघड करता येत नाही, हा त्याचा मुख्य नियम आहे. जोडीदाराला सांगण्याचा अधिकार फक्त डॉक्टर आणि समुपदेशकाला आहे, तोही चार अटी पूर्ण झाल्यावर. जोडीदाराला संसर्गाचा मोठा धोका आहे असे मानायला सबळ कारण हवे. रुग्णाला स्वतःहून सांगण्यासाठी समुपदेशन झालेले हवे. तरीही तो सांगणार नाही, अशी डॉक्टरची खात्री झालेली हवी. आणि आता मी सांगणार आहे, हे रुग्णाला आधी कळवलेले हवे. त्यानंतर जोडीदाराला प्रत्यक्ष भेटून, समुपदेशन करून सांगायचे.

या कायद्यातली एक तरतूद मला विशेष महत्त्वाची वाटते. माहिती दिल्याने रुग्णाला, विशेषतः स्त्रीला, मारहाण होईल, घराबाहेर काढले जाईल किंवा तिच्या मुलांच्या जिवावर बेतेल अशी रास्त भीती असेल, तर डॉक्टरने जोडीदाराला सांगायचे नाही. आपल्याकडे गरोदरपणातल्या तपासणीत बायकोचा संसर्ग नवऱ्याच्या आधी उघडकीला येतो, आणि आजार घरात आणल्याचा ठपका तिच्यावर बसतो. कायदा करणाऱ्यांनी ही गोष्ट लक्षात घेतली. नियमाप्रमाणे वागणाऱ्या डॉक्टरला, सांगितल्याबद्दल किंवा न सांगितल्याबद्दल, जबाबदार धरता येत नाही, अशी हमीही दिली आहे.

कायदा जिथे बोलायला लावतो

काही ठिकाणी मौन हाच गुन्हा ठरतो. क्षयरोग 2012 पासून कळवणे बंधनकारक असलेला आजार आहे आणि खासगी डॉक्टरांनाही प्रत्येक रुग्णाची नोंद सरकारकडे करावी लागते. नोंद झाली की औषधे अर्धवट सुटत नाहीत, घरातल्यांची तपासणी होते, पोषणासाठी पैसे मिळतात. ही माहिती आरोग्ययंत्रणेसाठी असते, गल्लीसाठी नाही. फरक कळत असूनही तो पाळला जात नाही, हे कोविडच्या काळात दिसले. रुग्णांच्या नावांच्या याद्या व्हॉट्सअॅपवर फिरल्या, दारांवर फलक लागले. डिसेंबर 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की सक्षम अधिकाऱ्याने आपत्ती व्यवस्थापन कायद्याखाली खास आदेश दिल्याशिवाय घरांवर असे फलक लावता येणार नाहीत.

यापेक्षा अवघड प्रसंग अल्पवयीन मुलींचा. 2012 च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे 18 वर्षांखालील व्यक्तीशी लैंगिक संबंध हा गुन्हा आहे, तिची संमती असली तरी. अशा गुन्ह्याची माहिती मिळूनही पोलिसांना न कळवणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. आता सतरा वर्षांची मुलगी आईबरोबर गर्भपातासाठी येते. संबंध तिच्या मर्जीचे होते. तिला आणि घरच्यांना पोलीस नको आहेत. डॉक्टरने कळवले तर ती निघून जाईल आणि कुठल्या तरी भोंदूकडे जीव धोक्यात घालेल. न कळवले तर डॉक्टर गुन्हेगार. शिवाय संमतीची गोष्ट खरी आहे की घरातल्याच कोणाला वाचवण्यासाठी रचलेली आहे, हे डॉक्टरला पहिल्या भेटीत कळत नाही.

सर्वोच्च न्यायालयाने 29 सप्टेंबर 2022 च्या निकालात या कोंडीतून वाट काढली. डॉक्टरने पोलिसांना माहिती द्यावी, पण मुलीने आणि पालकाने विनंती केल्यास तिचे नाव आणि ओळख पटवणारा तपशील देण्याची गरज नाही. मुलीला उपचार मिळतात आणि डॉक्टरचे कर्तव्यही पार पडते. मात्र हा निकाल गावोगावच्या दवाखान्यांत आणि पोलीस ठाण्यांत माहीत असल्याशिवाय त्याचा उपयोग नाही.

मनोविकारांच्या क्षेत्रात हाच प्रश्न हिंसेच्या रूपात येतो. 1969 मध्ये कॅलिफोर्नियातल्या बर्कली इथे, भारतातून शिकायला गेलेल्या एका विद्यार्थ्याने आपल्या उपचारकाला सांगितले की तो एका तरुणीला मारणार आहे. उपचारकाने विद्यापीठाच्या पोलिसांना कळवले. पोलिसांनी त्याची चौकशी करून त्याला सोडून दिले. तरुणीला किंवा तिच्या आईवडिलांना कोणीच सावध केले नाही, आणि ती मारली गेली. 'तारासॉफ' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या 1976 च्या निकालात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की ओळखता येणाऱ्या व्यक्तीला गंभीर धोका असेल तर तिच्या रक्षणासाठी वाजवी पावले उचलणे हे उपचारकाचे कर्तव्य आहे. भारताच्या मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, 2017 मध्येही दुसऱ्याला इजा होण्यापासून वाचवण्यासाठी माहिती देता येते. पण किती? तो धोका टाळायला लागेल तेवढीच. एखाद्याने भावाला मारण्याची धमकी दिली असेल, तर भावाला सावध करायचे. त्या माणसाच्या बालपणाचा, लग्नाचा किंवा औषधांचा इतिहास भावाला द्यायचा नाही.

न्यायालयातला साक्षीचा पिंजरा हे आणखी एक ठिकाण. वकील आणि अशील यांच्यातल्या बोलण्याला आपल्या पुरावा कायद्यात संरक्षण आहे, 2023 च्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही ते कायम आहे. डॉक्टर आणि रुग्ण यांच्यातल्या बोलण्याला तसे संरक्षण नाही. न्यायाधीशाने विचारले तर डॉक्टरला उत्तर द्यावे लागते. म्हणूनच पोलिसांचा तोंडी फोन किंवा वकिलाची नोटीस म्हणजे न्यायालयाचा आदेश नव्हे, हे डॉक्टरांनी आणि रेकॉर्ड रूममधल्या कर्मचाऱ्यांनी पक्के लक्षात ठेवायला हवे.

"आईला सांगू नका, डॉक्टर"

खटल्यांपेक्षा कितीतरी अधिक वेळा गोपनीयता मोडते ती मायेपोटी. बायोप्सीचा रिपोर्ट मुलगा आणायला जातो, डॉक्टर त्याला बाजूला घेऊन कर्करोग असल्याचे सांगतो, आणि मुलगा हात जोडतो, "आईला सांगू नका, डॉक्टर, ती खचून जाईल." घरातले सगळे, शेजारी आणि पुण्यातला मामासुद्धा जाणतो. ज्या बाईला आजार झाला आहे तीच तेवढी जाणत नाही. केमोथेरपीला 'ताकदीची सलाईन' म्हटले जाते. पण केस गळायला लागले की तिला कळतेच, आणि तोवर कोणाशी मोकळे बोलण्याची वेळ निघून गेलेली असते.

मुलाच्या प्रेमावर मला शंका नाही. चरकाच्या दुसऱ्या नियमातही तीच काळजी आहे. पण त्या नियमात निर्णय वैद्याने घ्यायचा आहे, आणि अपाय होईल तिथेच गप्प राहायचे आहे. नातेवाइकांनी सांगितले म्हणून प्रत्येक रुग्णाला अंधारात ठेवण्याची मुभा त्यात नाही. शिवाय आज उपचारांचे पर्याय रुग्णानेच निवडायचे असतात. शस्त्रक्रिया करायची की नाही, मृत्युपत्र करायचे का, धाकट्या मुलीचे लग्न आधी उरकायचे का, हे तिचे निर्णय आहेत. आजाराचे नावच माहीत नसेल तर तिने ते कशाच्या आधारावर घ्यायचे?

कायद्याची भूमिका इथे स्पष्ट आहे. दिल्लीतल्या 44 वर्षांच्या एका अविवाहित स्त्रीला तपासणीसाठी भूल दिली असताना डॉक्टरने तिच्या आईची संमती घेऊन तिचे गर्भाशय काढले. 2008 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही संमती अग्राह्य ठरवली. प्रौढ आणि सक्षम रुग्णाची संमती त्यानेच द्यायची असते. जीव वाचवण्याची तातडी नसेल तर तो शुद्धीवर येईपर्यंत थांबायला हवे. गर्भपाताच्या कायद्यातही सज्ञान स्त्रीची स्वतःची संमती पुरते, नवऱ्याची सही लागत नाही. 2021 च्या दुरुस्तीनंतर कायद्याने अधिकार नसलेल्या कोणालाही तिचे नाव सांगणाऱ्या डॉक्टरला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. तरीही कितीतरी ठिकाणी नवऱ्याची सही मागितली जाते, आणि कॉरिडॉरमध्ये भेटलेल्या दिराला सिस्टर सगळे सांगून टाकते.

रुग्णाला सांगायचे म्हणजे रिपोर्ट त्याच्या अंगावर फेकायचा असे नाही. तुम्हाला सगळे जाणून घ्यायचे आहे की मुलाशी बोलू, एवढे विचारले तरी पुरते. काही रुग्ण मुलाकडे बोट दाखवतील. तो त्यांचा हक्क आहे आणि तोही मानला पाहिजे. फक्त हे बोट रुग्णाने दाखवायला हवे.

पुढाऱ्याचा आजार, संगणकातली फाइल

जनतेला रुग्णाची माहिती मागण्याचा हक्क कधी असतो? महाराष्ट्रातच हा प्रश्न उभा राहिला. सॉ मिलच्या परवान्यांवरून न्यायालयाचा अवमान केल्याबद्दल राज्याच्या एका मंत्र्याला 2006 मध्ये एक महिन्याची कैद झाली, आणि त्यातला बराच काळ त्यांनी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात काढला. एका नागरिकाने माहितीच्या अधिकारात त्यांचे वैद्यकीय कागद मागितले. मुंबई उच्च न्यायालयाने 2007 मध्ये सांगितले की माहिती अधिकार कायदा वैद्यक परिषदेच्या विनियमांपेक्षा वरचढ आहे, आणि शिक्षा भोगणारा कैदी रुग्णालयात का होता हे जाणण्यात जनहित असू शकते. ही माहिती खऱ्या अर्थाने सार्वजनिक होती, कारण प्रश्न शिक्षा खरोखर भोगली की नाही याचा होता.

त्यानंतर चित्र बदलले. 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्वाळा दिला. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने माहिती अधिकारातले संबंधित कलमच बदलले आणि त्या कलमातली व्यापक जनहिताची तरतूद काढून टाकली. उत्तरदायित्व मागणाऱ्या नागरिकाची वाट त्यामुळे अरुंद झाली आहे. सामान्य रुग्णाच्या ढालीआड सत्ताधाऱ्यांना लपू देणे हा गोपनीयतेचा उद्देश नव्हता.

सामान्य रुग्णाच्या वाट्याला वेगळाच धोका आला आहे. पूर्वी फाइल कपाटात असे, तिला वाळवी लागे. आता ती सर्व्हरवर असते. नोव्हेंबर 2022 मध्ये दिल्लीच्या एम्सवर सायबर हल्ला झाला आणि देशातल्या सर्वात नावाजलेल्या रुग्णालयाला कित्येक दिवस हाताने कागद लिहून काम चालवावे लागले. 2021 मध्ये देशभर सुरू झालेल्या आयुष्मान भारत डिजिटल मिशनमध्ये 14 अंकी आभा क्रमांकाशी आपले रिपोर्ट जोडता येतात. कोणता रिपोर्ट, कोणाला आणि किती काळ दाखवायचा याची संमती रुग्णाने द्यायची, अशी त्याची रचना आहे. रचना चांगली आहे. पण काउंटरवरचा कर्मचारी रुग्णाच्या मोबाइलवरचा ओटीपी मागतो आणि काय विचारले हे न कळताच रुग्ण तो सांगून टाकतो, तेव्हा संमती नावापुरती उरते. 2023 च्या कायद्यात आरोग्याच्या माहितीसाठी वेगळा, अधिक कडक वर्ग केलेला नाही. मधुमेहाचा रिपोर्ट आणि खरेदीचे बिल एकाच तराजूत बसतात.

अपवादाची शिस्त

इतके खटले आणि कायदे शेजारी ठेवले की त्यांतल्या चांगल्या तरतुदींमधून एकच पद्धत पुढे येते. आधी रुग्णाशी बोला आणि त्याला स्वतःहून सांगायची संधी द्या. ते जमले नाही तर, आणि दुसऱ्या कोणाला खरा, ओळखता येणारा धोका असेल तरच, ज्याला गरज आहे त्याला गरजेपुरतेच सांगा. तुम्ही सांगणार आहात हे रुग्णापासून लपवू नका, आणि का सांगितले याची नोंद ठेवा. 1989 मध्ये गोव्यात यातली एकही पायरी पाळली गेली नाही. 2017 च्या एचआयव्ही कायद्यात त्यातल्या बहुतेक साऱ्या लिहिल्या आहेत. अठ्ठावीस वर्षांत आपण एवढे शिकलो, तर उरलेलेही शिकू शकतो.

यासाठी नव्या कायद्याची वाट पाहायला नको. मानसिक आरोग्य कायद्यात रुग्णाला आपला प्रतिनिधी आधीच नेमता येतो. हीच सोय प्रत्येक रुग्णालयाने प्रत्येक केसपेपरवर करावी. पहिल्याच भेटीत, नातेवाइकांना बाहेर बसवून, रुग्णाला विचारावे की तुमच्या आजाराबद्दल आम्ही कोणाशी बोलायचे आणि कोणाशी नाही. त्याने सांगितलेले नाव तिथे लिहावे, सही घ्यावी, आणि नंतर विचारायला येणाऱ्या प्रत्येकाला त्या ओळीकडे पाहूनच उत्तर द्यावे. रुग्णालाही हे मागता येते. विचारले नाही, तर आपण होऊन सांगावे की माझे रिपोर्ट आधी मला दाखवा.